तिसऱ्या चलनातला फोटो

१

तिसरं चलन आलं त्या दिवशी भीमराज तायडेंनी गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि मुलीला म्हणाले, "दीप्ती, गाडी विकून टाक."

दीप्तीला आधी वाटलं पप्पा चेष्टा करतायत. पण भीमराज हा चेष्टा करणाऱ्यातला माणूसच नव्हता. शाळेची ती पिवळी व्हॅन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घाटकोपरच्या त्या बिल्डिंगमध्ये लोक आपली गाडी आठवड्यातून एकदा पुसतात, हे दोनदा पुसायचे. आई गेल्यापासून तर घरात कमी आणि गाडीत जास्त. वीस वर्षं शाळेची पोरं नेली-आणली, एका पोराला कधी ओरखडा नाही. पोरं त्यांना भीमकाका म्हणायची आणि आपली पोरंही पुढे याच गाडीत बसतील, अशा बाता मारायची.

आणि आता हे चलन. पवईजवळ, जोगेश्वरीला जाणाऱ्या लिंक रोडवर, भरदुपारी, ताशी ब्याऐंशी. शाळेच्या गाडीला शहरात मुभा चाळीसची.

आधीची दोन चलनं गुपचूप भरून झाली होती. मुंबईत सगळे तेच करतात. मोबाइल वाजतो, माणूस एक शिवी हासडतो, पैसे भरतो आणि कामाला लागतो. फोटो कोण बघत बसतंय? पण भरलेला दंड म्हणजे कबुली, हे भीमराजना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळेला आरटीओची नोटीस आली की तुमचं लायसन्स निलंबित का करू नये. शाळेने गाडी बंद केली. पालकांच्या ग्रुपवर तर आग लागली होती. शनिवारच्या सभेत कायमचा निकाल लागायचा होता आणि त्या सभेत भीमकाकांच्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हता.

दीप्ती अंधेरीला एका विमा कंपनीत कामाला. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, चारी कोपऱ्यांतून चार फोटो काढायचे आणि मालक खरं बोलतोय की फेकतोय ते ठरवायचं, हा तिचा रोजचा धंदा. भल्याभल्यांची सोंगं तिने उघडी पाडली होती. तिने चलनाचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला.

फोटो मागून काढलेला. कापून कापून अगदी जवळचा, पिवळ्या पत्र्याचा तुकडा आणि नंबरप्लेट. नंबर त्यांचाच, शेवटी ४६३८. प्लेटखाली बंपरला काहीतरी काळं लोंबत होतं, सावली असेल. वरच्या कडेला मागच्या काचेची पट्टी आली होती, तिच्यावर पांढरट डाग होता. बाकी काही नाही.

"पप्पा, तुम्ही नीट बघितलाय का हा फोटो?" तिने विचारलं.

त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. म्हणाले, बघितलाय. मग खिळ्यावरच्या किल्लीकडे बघत बोलले.

"मीच असेन गं. मीच चालवली असेल."

२

असेन म्हणजे काय? माणसाला आपण गाडी पळवली की नाही, हे कळत नाही? दीप्तीने डोकं आपटलं, पण पप्पांच्या तोंडून पुढे एक अक्षर निघेना. तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि सरळ शाळा गाठली.

मुख्याध्यापिका शुभा मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चहा मागवला, भीमराजबद्दल चार बरे शब्द बोलल्या आणि मग हात टेकले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भीमराज रोज दुपारी शेवटची मुलगी सोडायला पवईला जातात, त्याच रस्त्याने, त्याच सुमाराला. गाडी तिथे नव्हतीच असं म्हणायची सोय नाही. ती शेवटची मुलगी पहिलीतली. तिला विचारलं तर म्हणाली, काका हळू चालवतात. पहिलीतल्या पोरीच्या शब्दावर सत्तर पालकांना कसं गप्प बसवायचं? आणि तिच्या आईने तर त्याच दिवशी मुलीला गाडीतून काढलं होतं.

"मला एक पुरावा आण, दीप्ती," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः सभेत उभी राहीन. पण पुराव्याशिवाय मी पोरांना त्यांच्या हाती देणार नाही, तू माझ्या जागी असतीस तर तूही दिली नसतीस."

हे खरं होतं, म्हणूनच दीप्तीला जास्त लागलं.

शाळेच्या फाटकाबाहेर प्रितम भेटला. हा दुसरा व्हॅनवाला, भीमराजचा रूट याच्याच घशात पडणार होता. पालकांच्या ग्रुपवर चलन टाकणाराही हाच. गाडीचा नंबर घातला की कुणाचंही चलन दिसतं, त्यात काय चोरी आहे, असं तो दात काढून म्हणाला. दीप्तीला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. याने खोटी नंबरप्लेट बनवून आपल्या गाडीला लावली असेल का? तिने त्याच्या व्हॅनला एक चक्कर मारली. प्रितमची व्हॅन लांब, मोठी, मागे दोन दारांची. फोटोतला पत्रा एका सलग दाराचा होता. माणूस हलकट होता, पण गाडी त्याची नव्हती.

शिवाय खोट्या प्लेटचा हिशेब जमतही नव्हता. फोटोत नवी सरकारी प्लेट होती, होलोग्रामवाली. ही एकदा बसली की लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. होळीनंतर बिल्डिंगच्या आवारात एका सकाळी कॅम्प लागला होता, तेव्हाच सगळ्या गाड्यांना बसवून घेतल्या होत्या. माणसं रांगेत उभी, बसवणारा पोरगा घामाघूम, आरडाओरडा, नुसती जत्रा. दीप्तीच्या ऑफिसात नकली प्लेटा ढिगाने येत, तिची नजर तयार होती. ही अस्सल होती.

घरी आल्यावर तिने धाकट्या भावाला, आकाशला, कोपऱ्यात घेतलं. दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. आकाशची आधी तंतरली, मग तो लाजला आणि शेवटी कबूल झाला की दिवाळीत एकदा तो व्हॅन घेऊन आरेला गेला होता. एकटा नव्हता, तेजल म्हणून एक मुलगी होती सोबत. पण ती रविवारची संध्याकाळ होती. चलनाच्या दुपारी तो परीक्षेला बसला होता आणि वर्गातले चाळीस जण ते सांगायला तयार होते.

मग उरलं कोण? उरले पप्पा. दीप्ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. अनोळखी माणसाची केस असती तर तिने एव्हाना फाईल बंद करून शेरा मारला असता की चालक दोषी.

३

दुसऱ्या दिवशी गाडी विकायचे फोटो काढायला ती खाली उतरली. पप्पांनी सकाळपासून तोच लकडा लावला होता, आणि ते हल्ली धड जेवतही नव्हते, तेव्हा निदान फोटोंवरून तरी वाद नको.

आवारात गाड्या लावायची एकच रीत. जागा तीळभर, म्हणून सगळे गाडी उलटी घालायचे, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे. तायडेंच्या व्हॅनला खेटून त्यांचे शेजारी आणि जुने मित्र नंदू घाडी यांची व्हॅन असायची. तीही शाळेचीच, पिवळी, त्याच कंपनीची, त्याच दिवशी घेतलेली. त्याचा एक किस्साच होता. नंदूकाकांना पाडव्याचा मुहूर्त हवा होता. भीमराजना मुहूर्त मान्य नाही, घ्यायची तर चौदा एप्रिलला. दोघांनी आठवडाभर हुज्जत घातली आणि शेवटी दोघांचं मन राखायला मधलाच एक बुधवार धरला. नंबरही पाठोपाठचे मिळाले, यांचा ४६३८ आणि त्यांचा ४६३९. पूजा फक्त एकाच गाडीची झाली. पेढे मात्र दोघांनी मिळून वाटले.

दीप्तीने पुढून दोन कोपऱ्यांचे फोटो काढले. मागचे राहिले, कारण भिंत आणि गाडी यांच्यामध्ये मांजरसुद्धा जेमतेम शिरलं असतं. गाडी पुढे घ्यायची तर किल्ली वर राहिलेली.

तेवढ्यात चंपाकाकू, म्हणजे नंदूकाकांची बायको, पिशवी घेऊन आली. दीप्तीला बघून तिचे डोळे भरले. कोण मेल्याची नजर लागली तुझ्या बापाला, म्हणाली. आणि मग नजरेवरून तिला आपलं दुःख आठवलं. तिने अमावास्येला मुद्दाम बाजारातून काळा गोंडा आणून गाडीच्या मागच्या बंपरला बांधला होता, दर अमावास्येला बांधायची. या वेळचा आठ दिवसही टिकला नाही. परवा बघते तर नाही. खालच्या पोरांनी ओढून नेला असणार, दुसरं कोण.

"तुझ्या बापाला किती वेळा सांगितलं, एक बांधून देते, तुझ्या गाडीलाही असू दे," काकू म्हणाली. "तो कसला ऐकतोय? वहिनी, मला चालणार नाही, म्हणतो."

दीप्ती हसली. पप्पा आणि काळा गोंडा! घरात साधं लिंबू कुणी उंबऱ्यावर ठेवलं असतं तरी त्यांनी भाषण दिलं असतं. वीस वर्षांत त्यांच्या गाडीला दोरा म्हणून बांधलेला नव्हता.

मग नंदूकाका आले. दुपारची फेरी करून आले होते आणि घाईत होते, हल्ली ते कायम घाईतच असत. गाडी उलटी घातली, उतरले आणि दीप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरी, भांडत बसू नको. सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? लायसन्स गेलं तर गेलं, बापाला घरी बसव, विश्रांती दे. वय झालं त्याचं. मागचं दुसरं चलनही त्यांनीच भरलं होतं, भीमराज नको नको म्हणत असताना. असला मित्र आजच्या काळात मिळतो का, असं दीप्तीला तेव्हा वाटलं होतं आणि आत्ताही वाटलं.

फक्त एक गोष्ट तिला जरा खुपली. परवा फोटो आल्यावर तिने तो काकांना दाखवला होता. तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले होते, आणि काहीच न बोलता फोन परत दिला होता.

४

वर आली तर पप्पा खिडकीशी बसलेले. समोर जेवणाचं ताट तसंच.

दीप्तीचा धीर सुटला. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, पप्पा, उद्या सभा आहे. तुम्ही मला सांगत नाही आणि मी तुम्हाला वाचवू शकत नाही. मला आज काय ते सांगा, नाहीतर मी उठणार नाही.

भीमराजनी डोळे पुसले. मग हळूहळू बोलायला लागले.

गेल्या वर्षी, पावसाळ्याआधी, सिग्नलला गाडी उभी असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. गाडी रिकामी होती. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला तेव्हा ते भानावर आले. सिग्नल सुटून पुन्हा लागला होता आणि मधलं काही आठवत नव्हतं. साखर उतरली होती. नंतर डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, खिशात ग्लुकोज ठेवायला सांगितलं. पुन्हा कधी तसं झालं नाही. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्याला भोवळ येते त्याच्या हाती पोरं कोण देणार?

"मग चलनं यायला लागली," ते म्हणाले. "रस्ता माझा, वेळ माझी, नंबर माझा. आणि मला तर काही आठवत नाही. मी म्हटलं, पुन्हा तेच होतंय. मी झोपेतच गाडी चालवतोय. पोरांना घेऊन."

म्हणून त्यांनी न भांडता दंड भरला. म्हणून फोटोकडे बघवत नव्हतं. गेले कित्येक दिवस ते रात्री जागून, आज दुपारी आपण कुठल्या वळणावर काय केलं ते मनात घोकत होते आणि कुठे एखादा दुवा आठवला नाही की घाबरून उठून बसत होते. दीप्ती शेजारच्या खोलीत झोपली होती आणि तिला पत्ता नव्हता.

तिने त्यांचा हात धरला. मग एकच विचारलं, कारण तो तिचा धंदाच होता.

"हे अंधारीचं तुम्ही अजून कुणाला सांगितलंय?"

"कुणाला सांगणार? नंदूला फक्त. त्याला म्हटलं, नंदू, मला वेडबिड लागतंय का रे? तो म्हणाला, होतं असं, भीमा. वय आहे. मनाला लावून घेऊ नको."

५

ताट झाकून दीप्ती गॅलरीत येऊन उभी राहिली. फोनमध्ये तो फोटो उघडाच होता. तिने सवयीने पुन्हा मोठा केला. प्लेट, पत्रा, बंपर. बंपरखाली ते काळं.

ती सावली नव्हती. सावली एका बाजूला पडते, हे सरळ खाली लोंबत होतं आणि टोकाला पिंजारलं होतं. तो गोंडा होता.

मग तिने गॅलरीचा कठडा धरला आणि एकेक पायरी करून विचार केला, जसा ऑफिसात करायची तसा. गोंडा आहे म्हणजे गाडी पप्पांची नाही. तिथे संशयाला जागाच नाही. पण प्लेट मात्र अस्सल आहे आणि नंबर पप्पांचा आहे. म्हणजे पप्पांच्या गाडीची प्लेट दुसऱ्याच गाडीवर आहे. ती काढून लावता येत नाही, लॉक तुटतं. मग ती पहिल्यापासूनच तिथे बसली असली पाहिजे. त्या कॅम्पच्या सकाळी, दोन सारख्या पिवळ्या गाड्या खेटून उभ्या, दोन नंबर एका आकड्याच्या फरकाचे आणि तो घामाघूम पोरगा भिंतीमागे आडवा शिरून आंधळ्यासारखं लॉक ठोकतोय. पुढच्या प्लेटा बरोबर बसल्या, त्या सगळ्यांना दिसतात. मागच्या भिंतीकडे.

आणि पप्पांची मागची प्लेट जर तिकडे गेली असेल, तर मग पप्पांच्या गाडीवर काय आहे?

तिने खिळ्यावरची किल्ली ओरबाडली आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली. गाडी सुरू केली, चार हात पुढे घेतली, उतरून मागे गेली.

४६३९.

दीप्ती तिथेच खाली बसली. लोकांच्या गाड्या चारी बाजूंनी बघून तिचं पोट भरत होतं आणि घरच्या गाडीची पाठ तिने वर्षभरात एकदाही बघितली नव्हती. पप्पा ती गाडी आठवड्यातून दोनदा पुसत होते. पण आपला नंबर पाठ असलेला माणूस तो वाचत कुठे बसतो?

गाडीच्या आवाजाने भीमराज चपला न घालताच खाली आले होते. तिने त्यांना हाताने धरून मागे नेलं आणि बोट दाखवलं. त्यांनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. पुढे जाऊन पुढचा वाचला आणि परत मागे आले. मग भिंतीला टेकले आणि पोरासारखे रडायला लागले.

"म्हणजे मी जागा होतो," ते म्हणाले. "दीप्ती, मी जागाच होतो गं."

बराच वेळ ते तेवढंच म्हणत होते. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि त्यांचा चेहरा एकदम काळजीने भरला. म्हणाले, नंदूला सांगायला पाहिजे. त्या बिचाऱ्याला माहीतच नसेल, उद्या त्याच्या गळ्यात काहीतरी भलतंच यायचं.

दीप्तीला वाटलं, इथेच थांबावं. यापुढे काही बोलूच नये.

"त्यांना माहितीये, पप्पा," ती म्हणाली. "परवा मी त्यांना फोटो दाखवला. काकूने बांधलेला गोंडा परवाच गेला."

६

नंदूकाका जिन्याखालीच उभे होते. पाचच्या सुमाराला पुन्हा निघायचं असायचं, म्हणून उतरले होते. हातात किल्ली. त्यांनी पुढे आलेली व्हॅन बघितली, तिच्या मागे उभे असलेले बाप-लेक बघितले आणि सगळं समजले. पळून जायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्यांदा लिंक रोडवर कॅमेऱ्याखालून सुसाट गेले तेव्हा चार दिवस चलनाची वाट बघत होते. ते आलंच नाही. मग एका संध्याकाळी भीमराज म्हणाला की मला चलन आलं, तोच दिवस, तीच जागा. नंदूकाका खाली गेले, टॉर्च घेऊन भिंतीमागे वाकले आणि त्यांना कळलं. सांगणार होते. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. कारण त्याच महिन्यात त्यांनी जोगेश्वरीची दुसरी शाळा घेतली होती, लेण्यांजवळची. इकडची शाळा सुटून पोरं उतरवत जायचं आणि तिकडची भरायच्या आत पोचायचं, दुपारी तसंच आणि संध्याकाळी तसंच. चाळीसच्या वेगाने ते होण्यासारखं नव्हतंच. घरी सांगितलं नव्हतं, शाळांना सांगितलं नव्हतं. खरा नंबर बाहेर आला असता तर दोन्ही शाळा गेल्या असत्या.

"माका माफ कर रे, भीमा," ते म्हणाले. हात जोडलेले होते. "तुझे पैसे देतो सगळे. पण रिकामी असतानाच पळवली गाडी. पोरांना घेऊन कधी नाही. आईची शपथ."

दीप्ती काही बोलणार होती, पण पप्पांनी तिच्या हातातला फोन घेतला. जो फोटो ते तीन दिवस टाळत होते, तो त्यांनी स्वतः मोठा केला. प्लेट वर सरकली, पत्रा सरकला, काचेची पट्टी आली. तो पांढरट डाग आता डाग राहिला नाही. पाच बोटं होती. काचेला आतून घट्ट दाबून धरलेला एका लहान मुलाचा पंजा.

"मी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," भीमराज म्हणाले. "याच्यासाठी किल्ली टांगली मी. मला वाटलं, माझ्या गाडीत ते पोर असं धरून बसलं होतं आणि मला शुद्ध नव्हती. तुला तर शुद्ध होती ना, नंदू?"

नंदूकाकांचे हात खाली आले.

"पैशाचं सोड. तुला विचारलं होतं मी, मला वेड लागतंय का म्हणून. तुझ्याशिवाय कुणाला विचारणार होतो? तू म्हणालास, वय झालं."

आवारात कुणीतरी मोटर सुरू केली, पाणी चढायला लागलं. चंपाकाकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे बघत राहिली.

नंदूकाकांनी घड्याळ बघितलं. जोगेश्वरीची पोरं सुटायची वेळ होत आली होती, ते पुटपुटले की निघायला हवं, पोरं फाटकाशी उभी राहतील. भीमराज त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, या गाडीत आज कुणी बसणार नाही. शाळेला फोन लाव आणि सांग, पालकांना न्यायला येऊ दे. का येत नाहीस तेही तूच सांग.

तो फोन म्हणजे काय हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नंदूकाकांनी एकदा गॅलरीकडे बघितलं. मग नंबर लावला. बोलताना त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी पूर्ण सांगितलं, आणि भीमराज ते संपेपर्यंत समोर उभे राहिले.

वर आल्यावर दीप्तीने लगेच शुभा मॅडमना दोन्ही प्लेटांचे फोटो पाठवले आणि आरटीओला द्यायच्या तक्रारीला बसली. भीमराजनी झाकलेलं ताट उघडलं. भाजी गार झाली होती. तशीच खाल्ली, तीन पोळ्या खाल्ल्या आणि अजून आहे का विचारलं. मग म्हणाले की उद्या सभेत ते स्वतः बोलणार आहेत, आणि आधी त्या अंधारीचं सांगणार आहेत.

दीप्ती हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागली. तिला राग आला, भीती वाटली, सगळंच एकदम. म्हणाली, पप्पा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आत्ता सुटलात. ते सांगितलंत तर मॅडम डॉक्टरचा दाखला मागतील, पालक पुन्हा बिथरतील, गाडी मिळेल की नाही कुणाला माहीत. कुणी विचारलंय तुम्हाला?

"कुणी नाही," भीमराज म्हणाले. "गाडी कोण पळवतं, हे नंदूलाही कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी हात धुतले. टेबलावर पडलेली किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली आणि दारामागच्या खिळ्याला परत अडकवली. म्हणाले, डॉक्टरांचं होईपर्यंत राहू दे इथे, विकायचं बघू नको. मग ते खिडकीशी जाऊन आडवे झाले आणि दीप्तीची तक्रार लिहून व्हायच्या आत त्यांना गाढ झोप लागली.